सहा किलोमीटर मागे

आमच्या गावाला रस्ता नाही. डोंगर थेट मलावी सरोवरात उतरतो, त्यामुळे कुठंही जायचं तर पाण्यानंच. माझी थोरली बहीण तावोंगा इथल्या छोट्या दवाखान्यात सुईण आहे. दोन वर्षांपूर्वी अडलेल्या एका बाईला आम्ही वल्ह्याच्या होडीतून मोठ्या इस्पितळात नेत होतो. पाच तासांची वाट. बाई वाटेतच गेली, ताईच्या मांडीवर.

परतताना ताई एवढंच बोलली, "लुसुंगू, इंजिनाची बोट पाहिजे."

बोटीसाठी तिनं भलतंच काढलं. उत्तरेच्या करोंगापासून दक्षिणेच्या मंकी बेपर्यंत, पाचशेहून जास्त किलोमीटर, एकटीनं कायाक वल्हवत जायचं. रेडिओवर बातमी गेली आणि लोकांनी दर किलोमीटरमागे देणगी कबूल केली. एका लॉजनं टाकून दिलेली कायाक मिळाली, तिची भेग मी बुजवली. ताई पाण्यातून निघाली, मी किनाऱ्यानं मिळेल त्या ट्रकनं.

पहिल्याच दिवशी कोळ्यांनी गाठलं. "काय सिस्टर, दवाखाना वाहून गेला का? शोधायला निघालात?"

"तुमच्याच बायकांसाठी नवा आणतेय. जाळी उचला, वाट द्या!"

एकोणिसाव्या दिवशी म्वेरा सुटला, आमचा तो दक्षिणेचा पिसाळलेला वारा. कायाक उलटली. तासभर ताई तिला धरून लाटांत तरंगत होती. मासाउको नावाच्या म्हाताऱ्या कोळ्यानं तिला होडीत ओढलं, कायाक मागं बांधली आणि आपल्या गावी आणलं. मी पोचलो तेव्हा ती चुलीपाशी कुडकुडत बसली होती. मला रडू आवरेना.

सकाळी वारा पडला. पेज पिऊन ताई म्हणाली, "काका, मला जिथून उचललंत तिथं परत सोडा."

"अगं, सहा किलोमीटर पुढं आणलंय तुला! फुकटात! कुणाला कळणारे?"

"लोकांनी मी वल्हवलेल्या वाटेचे पैसे कबूल केलेत. ही सहा तुमच्या होडीनं कापली."

"हिच्या डोक्यात पाणी शिरलंय," मासाउकोची बायको म्हणाली.

मीही चिडलो. "ताई, हात बघ स्वतःचे!" फोड फुटून तळव्यांना फडकं चिकटलं होतं. तिनं हात पाठीमागं लपवले.

म्हातारा पुटपुटत उठला आणि तिला मागं घेऊन गेला. तिथून मात्र तो घरी परतला नाही. सहाही किलोमीटर तिच्या बाजूनं होडी चालवत राहिला, आणि सबंध वेळ तिला शिव्या घालत होता.

ही गोष्ट होडी-होडीतून तिच्याआधी पुढं गेली. मग प्रत्येक गावची एक होडी तिला पुढच्या गावापर्यंत सोबत करू लागली. थट्टा कुणी केली नाही. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून तिला हाका मारायच्या.

एकतिसाव्या दिवशी ती मंकी बेला लागली. बोटं वल्ह्याभोवती आखडली होती, सरळच होईनात. किनाऱ्यावरच्या एका आजीबाईंनी तिला मांडीशी बसवून न्सिमाचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, एकेक घास भरवला. ताई तेव्हा रडली. महिनाभरात पहिल्यांदाच.

आठ महिन्यांनी बोट आली. ती मीच चालवतो. मोठं इस्पितळ आता सव्वा तासावर आहे. ताई मागं बाईचा हात धरून बसते आणि माझ्यावर खेकसते, "हळू! खड्डे चुकव!"

"सरोवरात कसले खड्डे गं?"

"पोटात मूल घेऊन बस, म्हणजे दिसतील!"

कळा देणारी बाईसुद्धा हसते.