परसातून पाहिलेले खरेदीखत

मित्रांनो, मी एक म्हातारी कासवी आहे. माझे नाव क्लिफर्ड. नाव पुरुषाचे आहे, हे मला ठाऊक आहे. मी मादी असल्याचे लोकांच्या लक्षात आले, तोवर त्यांना या नावाची सवय होऊन गेली होती, आणि मलाही.

माझा जन्म मोरोक्कोतल्या एका खडकाळ टेकडीवर झाला. एके दिवशी माणसांनी आम्हाला वेचले, टोपलीत एकावर एक रचले आणि बंदरात विकायला बसवले. नॉर्मन नावाच्या इंग्रज खलाशाने आपल्या लेकीसाठी मला विकत घेतले आणि बादलीत घालून इंग्लंडमधल्या हल बंदरात आणले. त्याची लेक ग्लेनिस तेव्हा शाळेत जात होती. तिने मला बोट लावले आणि ओरडली, "बाबा, दगड चालतोय!"

कासव पळून जाऊ नये म्हणून त्या काळी त्याच्या पाठीच्या कडेला भोक पाडून दोरी बांधत. माझ्याही पाठीला पाडले. कवच जिवंत असते, त्याला दुखते, हे त्यांना कोण सांगणार? पहिली काही वर्षे गल्लीतली सगळी मुले मला पाहायला येत, लेट्यूसची पाने खाऊ घालत. मग मुले मोठी झाली. एका उन्हाळ्यात तर मला पाणी ठेवायचेही कुणाला सुचले नाही. मी भिंतीकडेच्या ओलसर मातीत तोंड खुपसून तो उन्हाळा काढला.

त्याच सुमारास जहाजाच्या मालकोठारात एक खोके नॉर्मनच्या पायावर पडले. कंपनीने हात वर केले. तेव्हा आर्नल्ड पॅशबी नावाचा एक तरुण वकील पुढे आला. "जिंकलो तर पैसे द्या, नाही तर चहा पाजा," असे म्हणून तो कंपनीशी भांडला आणि जिंकला. तेव्हापासून या घरात वकील म्हणजे पॅशबी. दुसऱ्या कुणाचे नावही निघत नसे.

वर्षे गेली. नॉर्मन गेला. ग्लेनिसचे लग्न झाले, पुढे नवराही गेला. तिची मुलगी कर्स्टी इस्पितळात नोकरीला लागली. कर्स्टीचा नवरा डीन कारवाँच्या, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या, कारखान्यात सुतारकाम करू लागला. तिघेही त्याच घरात राहत होते आणि घर अजूनही भाड्याचेच होते.

एका वसंतात घरमालक लॅमिंग परसात येऊन उभे राहिले.

"घर विकायचं ठरवलंय. पहिला हक्क तुमचा. पण पानगळीपर्यंत व्यवहार झाला नाही, तर लिलावात काढीन," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी मागच्या पायरीवर बराच वेळ चर्चा झाली. कर्स्टी आणि डीनच्या पगारांवर बँक कर्ज द्यायला तयार होती. आता खरेदीखताचे काम पाहायला वकील हवा होता.

"त्यात विचार कसला करायचा? पॅशबीसाहेब आहेत की," ग्लेनिस म्हणाली.

"आई, ते म्हातारे झालेत गं. कर्ज जुळवून देणाऱ्या दलालाने वकिलांची एक मोठी कंपनी सांगितलीय. सगळं फोनवर होतं. स्वस्तही आहे."

"फोनवर? तुझ्या आजोबांचा पाय फोनवर वाचला असता का?"

"पाय वाचलाच नव्हता, आई. भरपाई मिळाली होती."

"तोंड फार चालतं तुझं!" ग्लेनिसने चहाचा कप पायरीवर आपटला. मी मान आत घेतली.

अखेर काम पॅशबींकडेच गेले. बँकेला त्यांचे नाव कळवले, आणि तिथेच गाडी अडली. पॅशबी त्या बँकेच्या मान्य वकिलांच्या यादीत नव्हते. मित्रांनो, घर कर्जावर घेताना वकील एकट्या तुमचे काम पाहत नाही. पैसे बँकेचे असतात, म्हणून तिचेही हित तोच सांभाळतो. त्यासाठी बँक आपल्या भरवशाच्या वकिलांची यादी ठेवते. या बँकेने एकट्याने वकिली करणाऱ्यांची नावे त्या यादीतून काढून टाकली होती. पॅशबींनाच धरून राहायचे, तर बँक स्वतःचा वेगळा वकील नेमणार, त्याचीही फी कर्स्टीच्याच माथी बसणार, आणि दोन वकिलांमधल्या कागदांच्या जा-येमध्ये उशीर होणार तो वेगळाच.

ग्लेनिस ऐकेना. "बँकेला काय अक्कल आहे? बँकच बदला!"

"दुसरी बँक विचारून पाहिली, आई. ती डीनचा जादा कामाचा पगार धरत नाही. कर्ज कमी पडतं," कर्स्टी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आणि पॅशबीसाहेबांना नको कोण म्हणणार? मी नाही म्हणणार."

कुणालाच म्हणावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी पॅशबी स्वतः आले. ते उलट्या बादलीवर बसले, वाफ्यातले पिवळ्या फुलाचे रोप उपटून माझ्यापुढे टाकले आणि काही वेळ मला खाताना पाहत राहिले.

"मी त्या यादीत आहे असंच धरून चाललो होतो," ते म्हणाले. "आधी विचारायला हवं होतं. चूक माझी आहे. माझी फी राहू दे."

"आम्ही तुम्हाला सोडणार नाही," ग्लेनिस म्हणाली.

"ग्लेनिस, तुझ्या वडलांसाठी मी भांडलो, ते माझं काम होतं. त्याची परतफेड म्हणून तू घर घालवणार? मग मी भांडलो कशाला?"

ग्लेनिसने एप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते.

पॅशबी कर्स्टीकडे वळले. "हे बघ, पोरी. बँकेकडून नावं माग. पण यादीत नाव आहे म्हणजे माणूस चांगला, असं नसतं. एकेकाला फोन कर. तुझं काम नक्की कोण पाहणार, ते विचार. भाडेकरूनेच घर विकत घेतल्याचं काम कधी केलंय का, ते विचार. आणि आजच्या तारखेला याच बँकेच्या यादीत आहात ना, हे आधी विचार. मी जे केलं नाही, ते तू कर."

कर्स्टीने पायरीवर बसूनच फोन लावले. दलालाची मोठी कंपनी यादीत होती खरी, पण दर वेळी फोनवर नवाच आवाज यायचा आणि पहिल्यापासून सगळे सांगावे लागायचे. मग तिने रुथ स्क्रूटन या गावातल्याच वकीलबाईंना फोन केला. त्यांनी स्वतःच फोन उचलला. यादीतले नाव तपासून सांगते म्हणाल्या आणि खरेच तासाभरात सांगितले. मग विचारले, "मागचं परस कुठपर्यंत आहे? मी येऊन पाहिलं तर चालेल का?"

स्क्रूटनबाई आल्या त्या रबरी बूट घालून. हातातला नकाशा आणि समोरची जमीन आलटून पालटून पाहत त्या कपडे वाळवायच्या खांबापाशी थांबल्या.

"लॅमिंग विकतायत ते घर इथं संपतं," त्या म्हणाल्या.

"इथं?" डीन म्हणाला. "मागची शेड, वाफे, ते सगळं?"

"ती जमीन त्यांचीच आहे, पण तिची नोंद वेगळी आहे. बहुधा नंतर जोडलेली असावी. या विक्रीत ती नाही. आणि बँकेने किंमत धरलीय ती सगळ्या परसाची. त्यामुळे हे मला बँकेलाही कळवावं लागेल."

"बँकेला कशाला सांगता? आमच्या वकील ना तुम्ही?" ग्लेनिस तडकली.

"तुमचीही आणि बँकेचीही. लपवलं तर दोघांनाही फसवल्यासारखं होईल. घर घेतल्यावर अर्धं परस गेल्याचं कळलं असतं, तर चाललं असतं का?"

ग्लेनिसने त्यांच्याकडे नीट पाहिले, बहुधा पहिल्यांदाच. "चहा घेणार का?" तिने विचारले.

मी उभी होते ती जागा खांबाच्या पलीकडची होती. माझी ऊन खायची भिंत, माझे बीळ, सगळे त्याच बाजूला. कागदावर मी त्या घरात नव्हतेच.

लॅमिंगना मागे गल्लीच्या कडेला मोटारींसाठी गाळे बांधायचे होते. ते जमीन द्यायला तयार होईनात. स्क्रूटनबाईंनी त्यांना सरळ सांगितले, की परसाशिवाय बँक तेवढे कर्ज देणार नाही आणि कर्ज नाही तर विक्री नाही. लिलावात काढले, तर ही भानगड तिथेही निघणारच. उन्हाळा सरत आला. कर्स्टी रोज संध्याकाळी फोन हातात घेऊन परसात फेऱ्या मारायची. एकदा तर माझ्यावरच अडखळली आणि तिथेच बसून रडली. डीन तिच्या शेजारी येऊन बसला.

अखेर तोडगा निघाला. शेड आणि वाफे घरासोबत आले, गल्लीकडची पट्टी लॅमिंगनी ठेवली. बँकेनेही ते मान्य केले. माझी ऊन खायची भिंत त्या पट्टीत गेली. सगळे मिळाले नाही. पण पाने पिवळी पडायच्या आत घर झाले.

मित्रांनो, मी संथ प्राणी आहे. तुम्हाला काही सांगायचा मला फारसा अधिकार नाही. पण माझ्यासारखे मुके जीव घरासोबत येतात-जातात आणि त्यांचे ऊन-पाणी तुमच्या एका प्रश्नावर ठरते. तो प्रश्न वेळेवर विचारा. ओळख मनात जपा, पण कामाला माणूस पारखून घ्या. आणि ज्याला नाही म्हणायचे, त्याला समोर बसवून, चहा देऊन म्हणा. आमच्याकडे मात्र ते त्यालाच स्वतःहून म्हणावे लागले.

व्यवहार पुरा झाला त्या रविवारी ग्लेनिसने परसात टेबल मांडले. बटाट्याच्या तळलेल्या पॅटी आणि चिप्स आल्या. पॅशबीही आले होते. डीनने स्वतः रोवलेल्या नव्या कुंपणाकडे ते मान कलती करून पाहत राहिले.

"कुंपण वाकडं आलंय," ते म्हणाले.

"असू दे," ग्लेनिस म्हणाली. "आमचं आहे."