वाहरूबाबांच्या भिंतीचे खोटे माप

मी एक जुनी कापडी टेप आहे, पन्नास फुटांची, चामड्याच्या डबीत गुंडाळलेली. मित्रांनो, कॉलेजच्या काचेच्या कपाटात मला पाहून तुम्ही कौतुक करता, तेव्हा मला तोंड लपवावेसे वाटते.

माझे मालक हेमकांत सर अहिराणी बोलणाऱ्या कोरीट गावचे. जुन्या इमारतींचा इतिहास शिकून ते प्राध्यापक झाले. किल्ले, बारवा, देवळे, सगळीकडे मी त्यांच्या खांद्याला असे. खरे सांगते, मला गर्व चढला होता.

एकदा डोंगरावरच्या तोरणमाळला जाताना जीपच्या दारात अडकून माझा पहिला अर्धा फूट तुटला. सरांनी पितळी कडी उरलेल्या टोकाला शिवली आणि प्रत्येक मापातून अर्धा फूट वजा करायचे ठरवले. तिथल्या वाहरूबाबांचे घर मोजताना पुढच्या भिंतीला त्यांनी तो वजा केला, मागच्या भिंतीला विसरले. वहीत घर पुढून वीस फूट आणि मागून साडेवीस झाले. पुन्हा मोजायला हवे होते. पण तो फरक सरांच्या सिद्धांताला फार सोयीचा होता. डोंगरातली माणसे माप न घेताच घर बांधतात, असे बाबांच्या घराचा दाखला देऊन सांगणारे पुस्तक त्यांनी लिहिले. ते गाजले, पुरस्कार मिळाले. सरांच्या खांद्यावर मीही मिरवले.

वाहरूबाबा घरे बांधणारे कारागीर. तिथे पर्यटकांसाठी निवास बांधायचा होता. त्याच्या मालकाने पुस्तक वाचले आणि बाबांचे ठरलेले काम काढून घेतले. पुढे सर पुन्हा तोरणमाळला गेले, तेव्हा बाबा गाठी मारलेली दोरी घेऊन समोर आले. बाजारात ये-जा असल्यामुळे त्यांना सरांची अहिराणी येत होती.

"सर, मन्हं घर वाकडं शे, आसं तुम्ही लिखं. आते मोजा."

दोरी दोन्ही भिंतींना सारखीच भरली. मग सरांनी मला काढले. तुटलेला अर्धा फूट धरून दोन्हीकडे साडेवीस! सरांचा चेहरा उतरला.

"बाबा, हाई टेपच खराब शे," ते म्हणाले.

मी शरमेने मेले. खराब मी होतेच, पण विसरले कोण? तरी रागावू कशी? त्या खोट्या मानात मीही वाटेकरी होते.

"मंग बठ्ठासले सांगशात ना?" सगळ्यांना सांगाल ना, असे बाबा विचारत होते.

"सांगसू," सर म्हणाले.

नव्या आवृत्तीच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ आली, काही मापे सुधारली आहेत. निवास दुसऱ्यांनीच सिमेंटचा बांधला. सर निवृत्त झाले.

मित्रांनो, चूक कुणाचीही होते. पण ज्याचे नाव तुमच्यामुळे गेले, त्याच्या अंगणात जाऊन, त्याच्या माणसांसमोर ती कबूल करा. परवा तोरणमाळची एक विद्यार्थिनी कपाटासमोर सांगत होती, वाहरूबाबांना वाचता येत नाही. सर सगळ्यांना सांगायला कधी येणार, म्हणून ते अजून विचारतात.