सात शाळांची उलटी वायर

जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देणं हा माझा धंदा. पंपाच्या, पंख्याच्या, शिलाई मशीनच्या, येतील त्या. वडिलांनंतर दुकान माझ्याकडे आलं तेव्हा गिऱ्हाईकं आत डोकावून विचारायची, मिस्त्री कुठे गेले? मी म्हणायची, समोर उभी आहे. दोन वर्षांनी विचारायची थांबली आणि मला मिस्त्रीबाई म्हणायला लागली. तोंडाची मी फटकळ, हे खरं. पण माझ्या कामात कुणी बोट ठेवलंय असं कधी झालं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

माझी भाची शाळेच्या रोबोट संघाची कॅप्टन. दरवर्षी शाळाशाळांच्या रोबोटांची स्पर्धा होते. मुलांनी बनवलेली यंत्रं मैदानावर चेंडू गोळा करून जाळीत टाकतात, एकमेकांवर धडकतात, अडकून बसतात, आणि कडेला उभ्या पालकांचा घसा बसतो. संघातल्या मुलींना प्रोग्राम कळतो, मला वायरी कळतात, म्हणून सहा वर्षांपासून मी तिथली बिनपगारी उस्ताद. यंदा स्पर्धेच्या समितीनं फर्मान काढलं की जुना कंट्रोलर बाद. कंट्रोलर म्हणजे रोबोटचं डोकं. बॅटरीची वीज आणि मुलींचा हुकूम दोन्ही त्याच्यातून चाकांपर्यंत जातात. जुना विटेएवढा होता आणि मठ्ठ होता, पण काहीही सोसायचा. नवा तळहाताएवढा, हुशार आणि नाजूक. प्रत्येक शाळेला एकच, सीलबंद. तो उघडून दुरुस्त करायचा नाही आणि आपल्या हातून जळला तर दुसरा मागायचा नाही.

तो बसवायच्या दिवशी माझ्या टेबलावर दवाखान्याच्या पंपाची मोटार पडलेली होती. मी मुलींना फोनवर सांगितलं, सोबत कागद आहे, कागदावर आकृती आहे, तुम्हाला डोळे आहेत, तुमची तुम्ही बसवा. चार वाजता भाचीचा फोन आला. एवढंच म्हणाली, "मावशी, धूर आला."

मी पोचले तेव्हा वर्कशॉपच्या सगळ्या खिडक्या उघडलेल्या होत्या. पाच मुली टेबलाभोवती उभ्या होत्या आणि सहावी नळापाशी. नळापाशी होती तिला सगळे मुंगी म्हणतात. आठवीतली, यंदाच संघात आलेली, अंगानं एवढीशी. पण वायर अशी सोलते, वळवते आणि बांधते की पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं होतं, सुट्टी लागली की दुकानात ये, मी तुला मोटार भरायला शिकवते. असं मी आजवर कुणालाच म्हटलेलं नाही, सख्ख्या भाचीलासुद्धा नाही. कंट्रोलरची वायर मुंगीनं लावली होती. हिनं उलटी लावली असणार, असं एक जण म्हणाली. बाकीच्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांचंही तेच म्हणणं होतं. मुंगी नळाखाली हात धूत होती. हात कधीच स्वच्छ झाले होते, तरी ती धूतच राहिली.

मी मीटर काढला. बॅटरी जोडली, आणि रोबोटच्या बाजूला लाल वायरला मीटरचं लाल टोक लावलं, काळीला काळं. आकडा बाराचा आला आणि त्याच्यापुढे मायनसची खूण आली. म्हणजे वायरच मुळात उलटी होती.

सहा वर्षांपूर्वी ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा सात शाळांच्या रोबोटांची मुख्य वायर, बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंतची, मीच बनवून दिली होती. एका बैठकीत सात. सातवी हातावेगळी झाली आणि माझ्या लक्षात आलं की बॅटरीच्या प्लगमधल्या पिना मी सातही ठिकाणी उलट्या बसवल्या आहेत. बॅटरीची लाल रोबोटच्या काळीला जाऊन भेटते. दाबून बसवलेली पिन सुटत नाही, वायर कापावी लागते. जास्तीचे प्लग नव्हते आणि न्यायला आलेला माणूस दारात घड्याळ बघत उभा होता. मग मी वेळ मारून नेली. वायरीचं दुसरं टोकही उलटं लावायला सांगितलं, कंट्रोलरमध्ये लाल मायनसला आणि काळी प्लसला. दोनदा उलटं केलं की सुलटं होतं. रोबोट पळाले, टाळ्या पडल्या, आणि पुढच्या वर्षी नीट करू म्हणून मी ते डोक्यातून काढून टाकलं.

ते सहा वर्षं चाललं. वरच्या वर्गातल्या मुली खालच्या वर्गातल्यांना सांगत गेल्या, आपलं उलटं असतं. काय उलटं आणि का उलटं, हे कुणी विचारलं नाही. भाचीची तर समजूत होती की तो जुना कंट्रोलरच उलट्या खोपडीचा आहे, आणि तो गेला म्हणजे भानगड मिटली. म्हणून तिनं मुंगीला सांगितलं की नव्यात सरळ लाव. मुंगीनं आकृती बघून लाल वायर प्लसला लावली. दुसऱ्या कुठल्याही वर्कशॉपात याबद्दल तिची पाठ थोपटली असती.

हे सगळं मला तिथल्या तिथे कळलं होतं. आणि मी म्हणाले, "बघू. कंट्रोलरच खराब असेल." मीटर बंद करून पिशवीत टाकला आणि निघाले. गिऱ्हाइकाला चारचौघांत झाडताना माझी जीभ कधी अडखळत नाही, पण सहा पोरींसमोर ती टाळ्याला चिकटली. मला त्याची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती, तरी मी मूग गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी मुंगी आली नाही. तिसऱ्या दिवशी तिची चिठ्ठी आली, माझं नाव संघातून काढा. खाली सही होती, कारण नव्हतं. चिठ्ठी माझ्या हातात देताना भाची म्हणाली की बरं झालं, नाहीतरी तिला भीतीच बसली आहे, आता तिला वायरीला हात लावायला सांगितलं तरी ती लावणार नाही. हे ऐकलं आणि मला रात्रभर वाट बघायचाही धीर उरला नाही. कंट्रोलर गेला तर एक वर्ष जातं. या मुलीचे हात गेले तर ते माझ्या आळसापायी गेले असते, आणि तिला ते कधी कळलंही नसतं.

भाचीला घेऊन मी तशीच समितीच्या ऑफिसात गेले. दोन खोल्या, खोक्यांची थप्पी, आणि एका टेबलामागे झोप न झालेला इंजिनियर. त्यानं आमचा जळका कंट्रोलर वास घेऊन बाजूला ठेवला आणि एक फॉर्म पुढे सरकवला. बिघाडाचं कारण या रकान्यात 'चालू करताच बंद पडला' एवढंच लिहा, असं त्यानं भल्यासाठीच सांगितलं. मुळात खराब असेल तरच बदलून मिळतो, तुमच्या हातून जळला असेल तर नाही. भाची माझ्या कानात म्हणाली, लिही ना. तसं लिहिलं असतं तर कंट्रोलर मिळाला असता. पण मुंगीनं जाळला ही गोष्ट तशीच राहिली असती, सगळ्यांच्या मनात आणि सगळ्यांत जास्त तिच्या.

मी लिहिलं: वायर उलटी होती. सहा वर्षांपूर्वी मी ती उलटी बनवली आणि कुणाला नीट सांगितलं नाही. जोडणाऱ्या मुलीनं आकृतीप्रमाणे बरोबर जोडलं. खाली सही केली.

भाचीनं खांद्यावरून वाचलं. "तुला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"आणि आम्ही तिला…" पुढचं तिनं गिळलं आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभी राहिली. तिच्या जन्मापासून ती माझ्यावर कधी अशी रुसली नव्हती.

इंजिनियरनं फॉर्म दोनदा वाचला. मग खण उघडून आणखी तीन फॉर्म काढले. तीन शाळा, तिघांचेही कंट्रोलर याच आठवड्यात जळालेले, तिघांनीही लिहिलेलं की चालू करताच बंद पडला. त्यानं विचारलं, या शाळांच्या वायरी कुणी बनवल्या असतील? मी नावं वाचली आणि म्हणाले, मीच. तो डोकं धरून बसला. चार दिवस तो कंट्रोलर बनवणाऱ्या कारखान्याशी फोनवर भांडत होता, त्यांची अब्रू काढत होता, आणि ते बिचारे शपथा घेत होते. आता त्यांची माफी तुम्ही मागता की मी मागू, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, माफी मागते, पण आधी फोन द्या.

सातांतल्या चार शाळांचे जळाले होते. म्हणजे तिघांचे अजून जळायचे होते. मी तिथूनच तिन्ही शाळांना फोन लावले. दोन ठिकाणी खोकं उघडलेलंच नव्हतं. तिसऱ्या शाळेतल्या सरांना मी सांगायला लागले तर ते म्हणाले, थांबा हं बाई, आत्ता बॅटरीच लावतोय. मी इतक्या जोरात ओरडले की खिडकीपाशी उभी असलेली भाची वळून बघायला लागली. बॅटरी लागली नाही.

इंजिनियरनं वरच्यांना फोन केला आणि बराच वेळ आमच्या बाजूनं वाद घातला. शेवटी ठरलं ते असं: शिल्लक कंट्रोलर दोनच, जळालेल्या शाळा चार. दोन शाळांत मिळून एक. एकीचा सामना संपला की तो काढायचा आणि दुसरीच्या रोबोटला लावायचा, हे मुलांनी स्वतःच्या हातानं करायचं. आणि सातही वायरी मी नव्या, सरळ बनवून आठवड्याच्या आत शाळांना पोचवायच्या. हे त्यानं सांगायची गरज नव्हती, पण मी मान डोलावली.

तिथून आम्ही मुंगीच्या घरी गेलो. दार तिच्या आईनं उघडलं आणि मला आत घ्यावं की नाही याचा विचार करत ती तशीच उभी राहिली. मी उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं, दोन दिवस गप्प बसले तेही सांगितलं. आतल्या टेबलावर मुंगी गणितं सोडवत होती. तिची पेन्सिल थांबली.

"मी आईला सांगितलं, माझ्या हातांना अक्कलच नाही," ती म्हणाली.

"तुझ्या हातांना आहे. त्या दिवशी माझ्या तोंडाला नव्हती."

ती रडली नाही, मला बिलगली वगैरे तर मुळीच नाही. रागानं तिचे कान लाल झाले होते आणि तो राग तिच्या हक्काचा होता. आईनं मला दोन शब्द सुनावले, मी ते ऐकून घेतले. मग मी म्हटलं की सात वायरी बनवायच्या आहेत आणि मला माझ्या एकटीच्या डोळ्यांचा आता भरवसा नाही. मुंगीनं उरलेली दोन गणितं सोडवली, वही मिटली आणि विचारलं, दुकान किती वाजता उघडतं?

तीन दिवस शाळा सुटली की ती आणि भाची दुकानात यायच्या. मी पिना दाबायची, भाची टेप लावायची, आणि मुंगी मीटर घेऊन बसायची. तिच्या हातून गेल्याशिवाय एकही वायर पेटीत पडत नव्हती. पाचवी वायर तिनं माझ्याकडे परत सरकवली. पिन सैल आहे म्हणाली. तीस वर्षं हा धंदा करते मी, तोंड उघडलंच होतं. पण आधी वायर ओढून बघितली. पिन सुटून हातात आली. भाची टेपच्या आड हसली, आणि त्या हसण्यानं आमचं दोघींचं पुन्हा जमलं.

मग शाळा फिरलो. प्रत्येक ठिकाणी जुनी वायर काढायची, नवी घालायची, मीटर लावून दाखवायचं आणि का बदलली ते सांगायचं. पहिल्या शाळेत मी हे हातातल्या वायरीकडे बघत सांगितलं. चौथ्या शाळेत पाठ झालं होतं.

शेवटची शाळा आमच्याबरोबर कंट्रोलर वाटून घेणारी. तिथल्या सरांनी आम्हाला रोबोट दाखवला आणि खोलीच्या टोकाला कपाटापाशी डब्यात स्क्रू निवडत बसलेल्या एका मुलाकडे हनुवटीनं खूण केली. याच पठ्ठ्यानं जाळला, असं ते हसत हसत म्हणाले. त्यात त्यांच्या मनात काही वाईट नसावं. मुलानं वर बघितलं नाही. इतक्या दिवसांत त्याला ते वाक्य सवयीचं झालं असावं.

मी सरांना सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात मुंगी माझ्या बाजूनं निघून सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तू लाल प्लसला लावली होतीस ना?"

त्यानं मान हलवली.

"मीपण. तेच बरोबर होतं. वायर चुकीची होती, या मावशींनी केलेली."

मुलानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, चूक माझी. तू काही जाळलं नाहीस. मुलगा थोडा वेळ हातातला स्क्रू फिरवत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "हे सगळ्यांसमोर सांगाल?"

सरांनी शेजारच्या वर्गातून मुलांना बोलावलं. तीसेक पोरं आली, दाटीवाटीनं उभी राहिली, मागची टाचा उंचावून बघायला लागली. मी मधोमध उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगितलं, पिना, मायनस, दोन दिवसांचं गप्प बसणं, सगळं. पाठ झालेलं ते या खोलीत आल्यावर विसरले होते, त्यामुळे अडखळत सांगितलं. शेवटी त्या मुलाचं नाव विचारून घेतलं आणि नाव घेऊन म्हटलं की यानं बरोबर केलं होतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलं एकमेकांकडे आणि त्याच्याकडे बघत होती.

तो उठला. डबा कपाटात ठेवला, रोबोटपाशी येऊन मुंगीच्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि नवी वायर हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग त्यानं तिला विचारलं, कंट्रोलर पटकन काढता यावा म्हणून वायर किती सैल सोडायची.