मेजरचा पूल

नगरपालिकेने ओढ्यावरच्या पुलाला माजी सैनिकांचं नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद झाला तो आक्काला. लग्न होऊन ती पुलाजवळच्या घरी आली, तेव्हापासून त्या पुलाला लोक गाढवाचा पूल म्हणत आले होते. टपालवाला म्हणायचा, रिक्षावाला म्हणायचा, दवाखान्यातली नर्स पत्ता लिहून घेताना मान खाली घालून हसायची. धाकटी जाऊ तर टपूनच बसलेली असायची. नवा माणूस भेटला की आवाजात साखर घोळून सांगणार, "आमच्या आक्कांचं घर ना? गाढवापासून दुसरं."

आक्काच्या जिभेला धार अशी, की भाजीवाला तिच्यापुढे तराजू दोनदा पुसायचा. पण या एका बाबतीत तिला मूग गिळावे लागत. कारण त्या पुलावर एकदा जनावर अडलं होतं हे खरं होतं, सगळ्या गावाने ते पाहिलं होतं, आणि ते जनावर आणलं होतं तिच्याच नवऱ्याने.

नवऱ्याला सगळे फौजी म्हणत. डोंगरात जिथे गाडी चढत नाही तिथे खेचरांच्या पाठीवरून रसद न्यायची, हे त्याचं पलटणीतलं काम. फौज सोडताना त्याने आपलं म्हातारं खेचर लिलावात सोडवून बरोबर आणलं. त्याचं नाव मेजर. मेजर मरूनही आता जमाना झाला होता, पण मेजरला गाढव म्हणणाऱ्या माणसाशी फौजी बोलत नसे. त्यामुळे गावात त्याची फारशी कुणाशी बोलाचाली नव्हती.

कार्यक्रमाचं कळल्या दिवसापासून आक्काने कोट उन्हात घातला, पदकं राखेने घासली, आणि मनात खुर्च्याही मांडून टाकल्या. फौजी पहिल्या रांगेत मधोमध. शेजारी आपण. जाऊ तिसऱ्या रांगेत, खांबाच्या मागे.

"फळ्यावर मेजरचं नाव आहे का?" फौजीने चहाचा कप खाली ठेवत विचारलं.

"कुणाचंच नाव नाही. नुसतं माजी सैनिक पूल."

"मेजर माजी सैनिकच होता. माझ्याआधी भरती झालेला."

"अहो, त्याला चार पाय होते."

"भरतीत पाय मोजत नाहीत."

"डोकं तरी मोजतात का?" आक्का म्हणाली. "हे बघा, माझा उभा जन्म गाढवापासून दुसऱ्या घरात गेला. आता एक दिवस मला माणसाची बायको म्हणून मिरवू द्या. दाढी करा, कोट घाला, आणि खुर्चीवर गप बसा."

फौजीने दाढी केली. पलटणीत त्याने मोठमोठ्या साहेबांचे हुकूम ऐकले होते, पण असा आवाज त्यांतल्या एकाचाही नव्हता.

पुलाच्या तोंडावर मांडव घातला होता. फळ्यावर नगराध्यक्षांच्या घरची फुलाफुलांची चादर टाकली होती, आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून वर त्यांच्याच घरचे कपड्यांचे चिमटे. फौजी मधोमध बसला. जाऊ खांबाच्या मागून मान लांब करून बघत होती. आक्काला वाटलं, झालं, सगळं मनासारखं झालं.

मग नगराध्यक्ष बोलायला उठले. आधी घसा साफ केला, मग माइक, मग चष्मा. "बंधुभगिनींनो, एका गाढवाच्या नावाचा डाग आज आपण या पुलावरून कायमचा धुऊन काढत आहोत."

मांडव खदखदा हसला. सगळ्यांचं हसू थांबलं तरी जावेचं चालूच होतं.

फौजी उठला. कोटावरची पदकं एकेक करून काढली, खुर्चीवर ठेवली आणि घराच्या वाटेने पुलावर चालू लागला. मांडवात पुन्हा हशा पिकला.

आक्काने शेजारी पाहिलं. पहिली रांग मिळाली होती, फळा मिळाला होता, जाऊ खांबाआड बसली होती. फक्त ज्याच्यासाठी हे सगळं केलं, त्याच्या खुर्चीवर नुसती पदकं होती. ती उठली आणि नवख्या सुनेच्या हातातला डाव काढून घ्यावा तसा तिने नगराध्यक्षांच्या हातातला माइक काढून घेतला.

"ते गाढव नव्हतं," ती म्हणाली. "खेचर होतं, फौजेतलं. थांब म्हटलं की थांबायचं, आणि ज्याने थांब म्हटलं त्यानेच चल म्हटल्याशिवाय खूर उचलायचा नाही, ही त्याची शिकवण. हा माणूस त्याला घेऊन पहिल्यांदा या पुलावर आला, तेव्हा इथे माझ्या बापाची चहाची टपरी होती आणि मी कप विसळत होते. मला बघून हा म्हणाला, थांब. कुणाला म्हणाला, ते त्याला अजून सांगता येत नाही. मेजर थांबला. हा टपरीवर आला. पाणी प्याला, चहा प्याला, परत चहा प्याला. दिवस कलला तरी बाकावरून उठेना, आणि मीही देत राहिले. तिकडे अर्धा गाव मेजरला ढकलत होता. साहेब, तुमचे वडील शेपटी ओढत होते. लाथ कुठे बसली ते त्यांनी घरी सांगितलं नसेल, पण पुढे बरेच दिवस ते उभ्यानेच जेवत होते."

नगराध्यक्ष खाली बसले. मग काहीतरी आठवल्यासारखं पुन्हा उभे राहिले.

"त्या दिवशी पुलावर गाढवं होती, नाही म्हणत नाही," आक्का म्हणाली. "एक चहा पिणारं आणि एक चहा देणारं. हुकमात होता तो एकटा मेजर."

तिसऱ्या रांगेतून जाऊ उभी राहिली. "म्हणजे आक्का, पुलाला हे नाव तुमच्या चहामुळे पडलं?"

एवढी वर्षं हेच एक आक्काने तिच्यापासून झाकून ठेवलं होतं. "हो, माझ्या चहामुळे. घे, आता जन्मभर पुरव. आणि साहेब, फळ्यावर मेजर पाहिजे, नावासकट आणि चित्रासकट."

"पण आक्का, फळा तर रंगवून झालाय," नगराध्यक्ष हळूच म्हणाले.

"पेंटर मेला का?"

पेंटर मेला नव्हता. मागे कठड्याला शेवटचा हात मारत उभा होता. त्याने खेचर कधी पाहिलं नव्हतं, म्हणून फौजीला पुलावरून बोलावून आणलं. फौजी त्याच्या खांद्याशी उभा राहिला आणि मेजरचे कान मनासारखे होईपर्यंत त्याने पेंटरला सोडलं नाही. ते अक्षरांपेक्षा मोठे झाले. मग फौजीने पदकं परत लावली आणि फळ्याला कडक सलाम ठोकला. नगराध्यक्षांनीही ठोकला, पण शेपटीच्या बाजूपासून जरा लांब उभं राहून.

नाव बदललं तरी लोक अजून गाढवाचा पूलच म्हणतात. सवय आहे. जाऊ मात्र आता पत्ता सांगते तो असा: "आक्कांचं घर ना? चहापासून दुसरं."

रोज सकाळी दोघं पुलावर फिरायला जातात. फळ्यापाशी आली की आक्का उभी राहते आणि फौजी "चल" म्हणाल्याशिवाय पाऊल उचलत नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, गुडघे दुखतात.