नाडी थांबवणारे महाराज

दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या सोसायटीचा हॉल तुडुंब भरला होता. नाडीवाले महाराज समोर येईल त्याचा हात उंच धरत, मान वळवायला लावत, श्वास रोखायला सांगत, आणि भल्याभल्यांची नाडी बंद पडे. अलकाची चौदा वर्षांची मुलगी मैत्रेयी उजवा हात दुखतो म्हणून पुढे गेली, तिचीही नाडी गेली. मग तोच हात वर्षानुवर्षं दुखणाऱ्या अलकाच्या सासूबाईंची, ठकूबाईंची.

"देखा? दादी और पोती, एक ही हाथ," महाराज म्हणाले. "कुल का दोष है. पितर नस दबाकर बैठे हैं."

उपाय काय, तर मुलीचा उजवा हात रोज दोन तास उंच बांधून ठेवायचा आणि दवाखान्याची पायरी चढायची नाही. पितर रागावतात म्हणे. पितरांना डॉक्टरांचं एवढं काय वावडं, हे विचारायचं कुणी?

अलका ऑफिसला गेली की ठकूबाई नातीचा हात बांधू लागल्या. पोरीची बोटं पांढरी पडतात, मग निळी होतात, हे सांगून सांगून अलकाचं डोकं फिरलं. नवरा पद्माकर सरकारी फायलीतला स्वल्पविरामही सोडत नसे, पण तोही म्हणाला, "आईची पण नाडी गेली यार, डोळ्यांनी पाहिलं."

एका सकाळी ती त्याला ओढतच गेटवर घेऊन गेली. उत्तर प्रदेशातल्या बलियाच्या दुबे गार्डला तिने हात उंच करायला लावला, मान वळवून श्वास रोखायला सांगितला, आणि पद्माकरची बोटं त्याच्या मनगटावर दाबून धरली. नाडी लागेना.

"हा कधीपासून आपल्या कुळातला झाला?"

पद्माकरने तिथूनच ऑफिसला रजा कळवली. दुपारी सगळे दवाखान्यात होते.

तसा हात ताणला तर धडधाकट माणसाचीही नाडी दबू शकते, डॉक्टर उत्तरा म्हणाल्या. महाराजांचं भांडवल तेवढंच. मैत्रेयीचं दुखणं मात्र खरं निघालं. एक्स-रेत तिच्या मानेशी जन्मजात जादा बरगडी दिसली, सोनोग्राफीत त्या बरगडीने दाबलेल्या रक्तवाहिनीत गुठळी. ठकूबाईंनाही तीच बरगडी होती. नाकडोळे येतात तशी ती घराण्यातून आली होती. औषधं सुरू झाली, बरगडी काढायची तारीख ठरली. हात आणखी पंधरा दिवस बांधला असता तर बोटं वाचणं कठीण होतं, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

ठकूबाई आपला एक्स-रे बघत राहिल्या. "या हातापायी मी चाळीस वर्षं देवीची माफी मागतेय," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं तरी काय होतं?"

काहीही चुकलं नव्हतं. चुकतं ते आपलं. माणसाचा हात दुखतो आणि आपण त्याची पापं शोधत बसतो. कृपा करा, आधी हात तपासून घ्या.