पानांचे कोपरे

पिटुकलीनं सकाळी अस्वलाच्या पुस्तकावर साखर घातलेलं दूध सांडलं आणि दुपारपर्यंत त्याला मुंग्या लागल्या. यात नवल काहीच नव्हतं. नवल होतं ते पुढेच. पुस्तक उचलायला गेलेली तिची आई तिथेच उकिडवी बसली, कारण अर्ध्या मुंग्या मेल्या होत्या.

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करून करून तिला एक खोड लागली होती. एखादी गोष्ट विचित्र दिसली की ती आधी हात मागे घ्यायची आणि डोळे पुढे करायची. मुखपृष्ठावरही दूध सांडलं होतं, पण तिथल्या मुंग्या खुशाल फिरत होत्या. मेलेल्या होत्या त्या फक्त पानांच्या उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यांशी. काही चिकटून बसलेल्या, काही जमिनीवर पाय आखडून पडलेल्या. दूध तेच, पुस्तक तेच, दिवस तोच. फरक असेल तर कोपऱ्यांतच असणार.

आणि कोपऱ्यांना हात लावला होता बाबांनी.

बाबा म्हणजे तिचे वडील. जन्मभर पुस्तकबांधणीचं काम केलेले. कचेऱ्यांची जाडजूड दप्तरं, कॉलेजांचे प्रबंध, लोकांची फाटकी पुस्तकं, सगळं त्यांच्या दाभणाखालून गेलेलं. दुकान बंद करून ते लेकीकडे राहायला आले तेव्हा सामान दोनच ट्रंका. एकीत कपडे आणि हत्यारं, दुसरीत तिच्या लहानपणची पुस्तकं. सावली हरवलेल्या अस्वलाचं, ढगांवर शेती करणाऱ्या म्हातारीचं, ग्रहताऱ्यांच्या चित्रांचं. टाके सुटलेले, पाठी निखळलेल्या. बाबांनी गॅलरीत बैठक मारली आणि पुस्तकं एकेक करून नव्यानं बांधली. कोपऱ्यांची तर पार रया गेली होती, कारण लहानपणी तिनंच ती पानं हजारदा उलटली होती. त्या प्रत्येक कोपऱ्यावर बाबांनी कांद्याच्या सालीसारख्या पातळ कागदाची पट्टी खळीनं डकवली.

"तुझ्या लेकीच्या लेकीला पुरतील बघ," ते म्हणाले होते. "मी काही जमीनजुमला ठेवून जाणार नाही. ही पुस्तकं मात्र अशी ठेवून जाईन की कुणाचं काही चालणार नाही त्यांच्यापुढे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी आजोबा आणि नात खिडकीशी. आजोबांच्या वाचनाची एक शिस्त होती. आधी बोट जिभेला, मग पानाला. "कोरड्या बोटाला पान भीक घालत नाही," असं ते नातीला शिकवायचे. नात कसली ऐकते, ती गुरूच्याही पुढे गेली. अख्खं बोट तोंडात घालायची, पान उलटायची, पुन्हा बोट तोंडात. मध्येच पानाचा कोपराच चोखायची. घरातल्यांना त्याचं कौतुक. पिटुकलीच्या आईनं तर त्याचा व्हिडिओ काढून परगावी नोकरीला असलेल्या नवऱ्याला पाठवला होता.

आता तो व्हिडिओ तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

कारण गेले काही आठवडे पिटुकलीला काही पचत नव्हतं. सारखी उलटी, पोटदुखी, चिडचिड. डॉक्टरांनी आधी दातांवर ढकललं, मग जंतांवर, मग हवेवर. नवरा फोनवरून म्हणे, "तुम्ही दोघांनी लाडावून ठेवलंय, दुसरं काही नाही." बाबांचंही पोट ठीक नसायचं, पण ते वयाच्या नावावर खपून गेलं होतं. दोघांचं पोट एकाच सुमारास बिघडलं, हे घरात कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तिच्याही. ती तर विज्ञान शिकलेली.

"बाबा, खळीत काय काय घालता तुम्ही?" तिनं शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

बाबा पिटुकलीला मोजे घालत होते. "मैदा, पाणी आणि जीव."

"थट्टा नको. आणखी?"

"आणखी काय? चिमूटभर मोरचूद. कसर लागू नये म्हणून. सगळेच घालतात. आज अचानक बापाचा धंदा शिकायचाय वाटतं?"

मोरचूद निळा असतो. चिमूटभर घातला तरी खळीला निळसर झाक येते. लहानपणी तिची बोटं त्यानं निळी व्हायची, आई ओरडायची. तिनं कोपरे पुन्हा पाहिले. शुभ्र पांढरे. कुठेही निळा मागमूस नाही.

एका कोपऱ्याची पट्टी चिमट्यानं सोडवून तिनं डबीत घातली, हात साबणानं धुतले, सगळी पुस्तकं गोळा करून कपाटावर चढवली. "ओली झालीत, वाळू देत," ती म्हणाली. "आज वाचन नको." पिटुकलीचे हात आणि तोंडही तिनं खसखसून धुतलं. बाबा म्हणाले, "अगं, साल काढशील पोरीची."

प्रयोगशाळेत तिचा दाढीवाला सहकारी डबा खात बसला होता. विहिरींच्या पाण्यातला विषारी अंश शोधायची पेटी तिनं कपाटातून काढली तशी तो म्हणाला, "कुठली विहीर आणलीस?"

"घरची."

"तुमच्याकडे तर नळ आहे."

तिनं पट्टी बाटलीतल्या पाण्यात कुस्करली, वर पेटीतली पावडर सोडली, तोंडाशी चाचणीचा कागद लावून झाकण घट्ट केलं. बाटलीत बुडबुडे यायला लागले. तिनं स्वतःला समजावलं, मुंग्या कशानंही मरतात. घरात फवारणी होते, फरशी पुसायच्या पाण्यात औषध असतं. कागद पिवळसर झाला. मग पिवळा. मग तपकिरी व्हायला लागला आणि होतच राहिला, पेटीवर छापलेल्या रंगांच्या शेवटच्या चौकोनाच्याही पलीकडे.

दाढीवाल्यानं चमचा खाली ठेवला. "हे पाणी कुणी पितंय?"

सोमल, म्हणजे आर्सेनिक. मोरचूद नव्हताच, सोमल होता.

तिनं घरी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बाबा फोन उचलत नाहीत ते दोनच वेळी, झोपलेले असताना आणि वाचत असताना. बाबा दुपारचे कधी झोपत नसत.

ती टॅक्सीनं घरी पोचली तेव्हा दोघं खिडकीशीच होते. पंख्याखाली वाळवलेलं अस्वलाचं पुस्तक बाबांच्या मांडीवर, पिटुकली त्यांच्या कुशीत, तिचं बोट तोंडात.

"रडून गोंधळ घातला तिनं," बाबा म्हणाले. "मग स्टुलावर चढून काढलं. वाळलं होतं की."

तिनं पुस्तक ओढून घेतलं. पिटुकलीनं भोकाड पसरलं.

"बाबा, खळीत विष आहे."

"काय बोलतेस?"

"तपासून आलेय. कोपऱ्यांत विष आहे, आणि ही रोज ते चाटतेय."

बाबांचा चेहरा आधी गोंधळला, मग ताठ झाला. धंद्यात कुणी उलट बोललेलं त्यांनी कधी खपवून घेतलं नव्हतं. "माझ्या हातचं विष? चाळीस वर्षं खळ कालवली मी. जेवताना ह्याच हातांनी घास घेतलाय. तुझ्या बाटल्यांना काय कळतंय?"

"बाबा, ऐका तरी."

"तू ऐक. हे बघ." त्यांनी तिच्या हातातलं पुस्तक हिसकलं, एक कोपरा फाडला, जिभेवर ठेवला आणि तिच्या डोळ्यांत डोळे घालून चावायला लागले. "झालं? मेलो मी?"

पिटुकलीचं रडणं थांबलं. आजोबा करतील ते तिला करायचंच असे. तिनं मान वर करून चिमणीच्या पिलासारखं तोंड उघडलं.

"आजोबा, मला पण."

बाबांचं चावणं तिथेच थांबलं. ते त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिले. इवल्या जिभेवर कालपरवापासून आलेला पांढरा थर त्यांना बहुधा आताच दिसला. त्यांनी तोंडातला लगदा तळहातावर काढला आणि मूठ मिटून घेतली.

"तुझ्या वेळी मोरचूदच होता," ते म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. "पण टिकला नाही गं. ट्रंक उघडली तर तुझ्या पुस्तकांत कसरीनं घर केलेलं. भोकंच भोकं. मग म्हटलं, हिच्या वेळी तसं व्हायला नको. ट्रंकेत पांढऱ्या भुकटीचा जुना डबा होता, कचेरीच्या दप्तरांना घालायचो त्यातला. त्या दप्तरांना कधी काही लागलं नाही."

"ती दप्तरं कुणी चाटत नव्हतं, बाबा."

"हो." बाबा म्हणाले. "हो."

तिनं पिटुकलीला बेसिनवर धरून चुळा भरायला लावल्या, बाबांनाही. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, कारण डॉक्टरांना दाखवावं लागणार होतं. टॅक्सीत बाबा मागे बसले, हात गुडघ्यांवर उताणे, जणू ते दुसऱ्याचे आहेत आणि सांभाळायला दिलेत. पिटुकली आईच्या मांडीवर. अस्वलाला सावली सापडली की नाही, हे ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. पिशवीतलं पुस्तक त्यांनी बाहेर काढलं नाही. सगळं ऐकून घेतलं, पिटुकलीचे तळहात उलटेपालटे पाहिले, नखं दाबून पाहिली. एका नर्सला हाक मारून हळू आवाजात काहीतरी आणायला सांगितलं. मग विचारलं, "कधीपासून वाचतेय ही ती पुस्तकं?"

"बांधून झाली तेव्हापासून," बाबा म्हणाले. "रोज."

"पोटात किती गेलं असेल याचा अंदाज घ्यायचाय मला. रोज साधारण किती पानं व्हायची?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं पिटुकलीकडे.

"सगळी," पिटुकलीनं सांगितलं, छाती पुढे काढून.