करंगळीचा थेंब

मी एका जुन्या पबचा जुना काउंटर आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर आता माझा एक कोपराच उरला आहे आणि तो हॅमिल्टनमधल्या एका मराठी घराच्या स्वयंपाकघरात बसवला आहे. माझ्यावर चहाचे कप ठेवतात, कोथिंबीर निवडतात, कामावरून आल्यावर गाडीच्या किल्ल्या टाकतात. मला काही वाटत नाही. अंगावर वॉर्निशचे जाड थर आहेत आणि त्यांच्याखाली मी बधिर पडून असतो. पण एक गोष्ट मला ठाऊक आहे आणि ती ज्याला सांगायला हवी त्याला मी सांगू शकत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

मी रीमूच्या लाकडाचा. न्यूझीलंडच्या वायकाटो भागात जंगलं तोडून गायींसाठी कुरणं करत होते, त्या काळात माझं झाड आडवं झालं. करवतीखाली जाताना दुखलं का, ते आठवत नाही. सुताराने मला रंधा मारला, तेल पाजलं आणि एका छोट्या गावातल्या पबमध्ये नेऊन बसवलं. वर मुक्कामाच्या खोल्या होत्या, त्यामुळे गाव त्याला हॉटेलच म्हणत असे. पहिल्या दिवशी लोकांनी माझ्यावरून हात फिरवले, माझं कौतुक केलं आणि मी जरा फुगलोही. पण त्या काळी पब संध्याकाळी सहाला बंद करायचा कायदा होता. पाचला कामं सुटत आणि उरलेल्या तासात सगळ्या गावाला आपली तहान भागवायची असे. मग कोपरं, ओले हात, सांडलेली बिअर, शिव्या, सगळं माझ्यावर. माझ्याकडे बघायला कोणाला सवड होती?

त्या पबच्या स्वयंपाकघरात राजाराम नावाचा आचारी होता. तो कोकणातला, मालवणजवळच्या एका गावचा. पूर्वी जहाजावर स्वयंपाक करायचा. एकदा ऑकलंडच्या बंदरात उतरला तो परत जहाजावर चढलाच नाही. का, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. जहाज सोडून पळालेल्या माणसाकडे कागदपत्रं नसतात आणि अशा माणसाला पुन्हा बंदराकडे फिरकायची भीती वाटते, एवढं मला त्याच्याकडे पाहून कळलं. गाव त्याला नुसतं 'कुक' म्हणे. त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं फार पूर्वी, तरुणपणीच, जहाजाच्या दोरखंडात सापडून तुटली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी शिल्लक होती. तरी बटाटे सोलायला बसला की भल्याभल्यांना मागे टाकायचा.

सहा वाजले, गिऱ्हाइकं पांगली, की राजाराम आतून यायचा आणि माझ्या डाव्या कोपऱ्याशी उभा राहायचा. मालक त्याला एक ग्लास बिअर द्यायचा. पिण्याआधी तो करंगळी ग्लासात बुडवून एक थेंब माझ्यावर सोडायचा आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचा. रोज तेच शब्द. मला ते कळत नव्हते, कारण तेव्हा मला फक्त इंग्रजी येत होतं.

"हे कोणासाठी?" मालकाने एकदा विचारलं.

"जागेच्या बॉससाठी," राजाराम आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "प्रत्येक जागेला राखण करणारा असतो. त्याला आधी. मग आपण."

मालक हसला. पण लोकर कातरायला येऊन वरच्या खोल्यांत उतरलेले माओरी गडी, इथले मूळ रहिवासी, हसले नाहीत. प्रत्येक जागेला राखणदार असतोच, त्यात हसण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं. ते आपल्या ग्लासातला थेंब सोडू लागले, तेही करंगळीने, कारण कुक तसं करत होता. मग गवळी सोडू लागले, पोस्टमन सोडू लागला, शेवटी मालकही. सहाच्या त्या झुंबडीतसुद्धा माणसं क्षणभर थांबून थेंब सोडत आणि मगच ग्लास तोंडाला लावत.

दुसरं महायुद्ध संपलं त्या हिवाळ्यात राजाराम चुलीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. घराविषयी तो कधी कोणाशी बोलला नव्हता. गावाने त्याला टेकडीवरच्या दफनभूमीत, कुंपणाच्या कडेला पुरलं. तो गेला, थेंब राहिला. माझ्या कोपऱ्यावर रुपयाएवढा काळा डाग पडला आणि लाकडात खोल मुरला. पुढच्या पिढ्यांतल्या गिऱ्हाइकांना कुक ठाऊकच नव्हता. ते नुसतं "बॉससाठी" म्हणत आणि थेंब सोडत.

वर्षं गेली. सहाचा कायदा गेला. मालक गेला आणि त्याची मुलगी मॉरीन मालकीण झाली. पुढे पबमध्ये सिगारेट ओढायला बंदी आली, तेव्हा धुराबरोबर बरीचशी गिऱ्हाइकंही गेली. तरुण मंडळी गाडी काढून हॅमिल्टनला जाऊ लागली. माझ्यावर धूळ बसू लागली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही. इतक्या वर्षांच्या वापराने मी निबर झालो होतो.

आणि मग २००५ साली, एका रविवारी दुपारी, दोन मराठी माणसं आत आली. थोरले मोहनराव, मालवणचे निवृत्त शिक्षक. त्यांची मुलगी वसुंधरा हॅमिल्टनला फार्मसिस्ट होती आणि ते तिच्याकडे राहायला आले होते. बरोबर जावई अभिषेक, पुण्याचा इंजिनीयर. मोहनराव राजारामचे नातू होते, हे मला तेव्हा कसं ठाऊक असणार?

त्यांच्या घरी राजारामविषयी एवढंच ठाऊक होतं, की तो ऑकलंडला उतरला आणि आत कुठेतरी एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. हा निरोप एका खलाशाने आणला होता, त्यानंतर काहीच नाही. राजारामची बायको मरेपर्यंत कुंकू लावत होती. श्राद्ध कोणी घातलं नाही, कारण माणूस गेला हेच नक्की नव्हतं. त्याचा मुलगा, म्हणजे मोहनरावांचे वडील, म्हातारपणीसुद्धा विचारायचे, "बाबा आम्हांला विसरले असतील काय रे?" ते गेले आणि तो प्रश्न मोहनरावांच्या वाट्याला आला. म्हणून दर रविवारी सासरे-जावई वायकाटोतले जुने पब धुंडाळत होते. दोघांपैकी कोणीही बिअर घेत नव्हतं; मागवायचे ती आल्याची जिंजर बिअर, नावालाच बिअर. मोहनराव पीतच नसत आणि सासऱ्यांसमोर ग्लास उचलायची अभिषेकची काय बिशाद! त्यांचं मराठी बोलणं तेव्हा मला कळलं नाही; पुढे घरात ते हा प्रसंग पुन्हा पुन्हा सांगत, त्यावरून कळलं.

"बाबा, हा लास्ट हं," अभिषेक स्टुलावर बसत म्हणाला. "सगळ्या पबवाल्यांना वाटतं आपण जिंजर बिअरचे इन्स्पेक्टर आहोत."

"अभिषेकराव, तुम्ही कंटाळलात तर मी बसने फिरेन."

"अहो, कंटाळा नाही हो. पण इतक्या वर्षांनी कोणाला काय आठवणार?"

मॉरीनने जिंजर बिअरचे दोन ग्लास आणून माझ्या डाव्या कोपऱ्यावर ठेवले. मोहनरावांनी सवयीने करंगळी बुडवली आणि एक थेंब माझ्यावर सोडला. घरी चहाचासुद्धा पहिला थेंब ते असाच सोडायचे.

थेंब बरोबर डागावर पडला. मॉरीनचा ग्लास पुसणारा हात थांबला.

"आमचा थेंब तुम्हांला कोणी शिकवला?" तिने विचारलं.

"तुमचा?" मोहनराव मास्तरकीच्या आवाजात म्हणाले. "हा आमच्या घरचा आहे. राखणदाराचा. आमच्या गावात बाकी सगळे अनामिकेने सोडतात. करंगळीने फक्त आमच्या घरात. त्यावरून लोक आम्हांला चिडवतातसुद्धा."

"करंगळीने का?"

"ते ठाऊक नाही. वडील तसंच करायचे. ते म्हणत, माझे बाबा असंच करायचे."

मॉरीन काउंटरच्या मागून बाहेर आली आणि त्यांच्या शेजारी बसली. "आमचा इंडियन कुक करंगळीने सोडायचा, कारण त्याला दुसरं बोटच नव्हतं," ती म्हणाली. "मी तेव्हा पाळण्यात होते. मला डॅडने सांगितलं. अंगठा आणि करंगळी, एवढाच हात होता त्याचा. आम्ही सगळे त्याचं बघून शिकलो."

मोहनराव आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. त्यांची पाचही बोटं शाबूत होती. त्यांच्या वडिलांचीही होती. राजाराम सुट्टीवर घरी आला असताना त्याच्या लहानग्या मुलाने जे पाहिलं ते उचललं होतं. इकडे या गावानेही तेच उचललं होतं.

"बाबा," अभिषेक हळूच म्हणाला, "पाणी देऊ का?"

मोहनरावांनी मानेनेच नको म्हटलं. ते रडले नाहीत. मॉरीनला त्यांनी एकच विचारलं, "ते घरची आठवण काढायचे का?"

"ते मला नाही ठाऊक," मॉरीन म्हणाली. "डॅड कधी काही बोलला नाही."

मला ठाऊक होतं, मित्रांनो, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते वसुंधराला घेऊन आले आणि टेकडीवर गेले. मोहनरावांनी कुंपणाच्या कडेला तीळ आणि पाणी वाहिलं. येताना पबमध्ये थांबून तिघांनी माझ्यावर थेंब सोडले. मग मोहनराव मालवणला परत गेले. आजोबा सापडले, प्रश्न तसाच राहिला.

पुढच्या वर्षी पब विकला गेला आणि पाडायचं ठरलं. मॉरीनने वसुंधराला फोन केला. "तो कोपरा तुमचाच आहे," ती म्हणाली, "घेऊन जा." अभिषेक ट्रेलर घेऊन आला. मला कापलं तेव्हाही काही दुखलं नाही.

आता अभिषेक भला माणूस, पण सासरे पुन्हा यायचे म्हटल्यावर त्याच्या अंगात आलं. आपल्याकडे घरचं वडीलधारं माणूस येणार म्हटलं की भिंतींना रंग निघतो, पडदे बदलतात. त्याने मला सुताराकडे दिलं आणि सांगितलं, "एकदम नव्यासारखं करा." सुताराने यंत्र लावलं. डाग खोल होता, म्हणून त्यानेही खोल घासलं. मग वॉर्निश चढवलं. मी इतका चकचकीत झालो, की अभिषेकने माझा फोटो काढून ऑफिसात सगळ्यांना दाखवला. वसुंधरा त्या आठवड्यात उशिरापर्यंत कामावर होती. घरी येऊन तिने मला पाहिलं.

"अरे, तो डागच तर हवा होता, अभि."

"मला वाटलं... बाबांना छान वाटेल."

मोहनराव आले, तेव्हा त्यांनी माझ्या कोपऱ्यावर तळहात ठेवला. हात इकडे नेला, तिकडे नेला. अभिषेक कानकोंडा होऊन उभा होता. "छान झालंय हो, अभिषेकराव," ते म्हणाले आणि हात काढून घेतला. त्यानंतर त्या मुक्कामात त्यांनी माझ्यावर थेंब सोडला नाही. चहा घेऊन ते मागच्या अंगणात जात. मी स्वयंपाकघरातली बोलणी ऐकत मराठी शिकलो. दुसरं करायचं तरी काय होतं?

जायच्या दिवशी मात्र, बॅगा गाडीत चढल्यावर, ते शेवटचा चहा घ्यायला माझ्याशीच उभे राहिले. वसुंधरा पाठमोरी होती, डबा भरत होती. त्यांनी करंगळी कपात बुडवली, थेंब माझ्यावर सोडला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "बा राखणदारा, माझ्या चेडवाक सांभाळ."

चेडू म्हणजे मुलगी. आणि मित्रांनो, ते शब्द माझ्या ओळखीचे होते. संध्याकाळी सहानंतर, कितीतरी वर्षं, मी ते ऐकले होते. फक्त एक शब्द वेगळा होता. राजाराम म्हणायचा, "बा राखणदारा, माझ्या झिलाक सांभाळ." झील म्हणजे मुलगा.

थेंब आत मुरला नाही, वॉर्निशवर तसाच राहिला. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि ते फार वाईट वाटलं. उत्तर माझ्यापाशी होतं, माणूस हातभर अंतरावर उभा होता आणि मला तोंड नव्हतं. मोहनरावांनी कप विसळून ठेवला आणि ते विमानतळावर गेले.

वसुंधरा परत आल्यावर फडकं घेऊन ओटा पुसायला लागली. सगळं पुसलं, तेवढी जागा सोडली. आता ती आणि अभिषेक रोज सकाळी तिथे चहाचा थेंब सोडतात. वॉर्निशवर पांढुरकं वर्तुळ उमटायला लागलं आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू हातात आली तर घासायच्या आधी घरातल्या कोणाला तरी विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी मालवणच्या बाजूला गेलं, तर मोहन मास्तरांचं घर विचारा. चहाचा पहिला थेंब करंगळीने सोडतात ते. त्यांना सांगा, विसरले नव्हते म्हणून.